वजिराविरुद्ध तुळजाक्का

आमच्या तुळजाक्का सकाळची कापी, म्हणजे कॉफी, संपवून घरापुढच्या ओट्यावर येतात आणि फोनशी भांडायला बसतात. फोनवरून कोणाशी तरी भांडणारी माणसं सगळीकडेच असतात. अक्का फोनशीच भांडतात. पलीकडे कोणी नसतं. पडद्यावर बुद्धिबळाचा पट असतो, त्यावर मोजक्या सोंगट्या उरलेल्या असतात आणि अक्का हरत असतात.

"जिंकशील रे, जिंकशील! पण फुकट नाही मिळणार. करून दाखीव!"

गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, आत नवरा असेल, निदान भाडेकरू तरी. अक्कांना दोन्ही नाहीत. लग्न त्यांनी केलं नाही, आणि भाडेकरू ठेवला होता तो पळाला. त्याने एकदा सहज म्हटलं होतं, "पाटी, इतकं हरलेला डाव कशाला ओढता? सोडून द्या ना." पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. आजी म्हटल्याचा राग अक्कांनी गिळला असता. 'सोडून द्या' मात्र त्यांना गिळता आलं नाही.

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली आहे. मराठी बोलणारी घरं आता थोडी उरलीत, आणि आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे हसतात. तुम्ही 'काय करतो आहेस' म्हणता तिथे आम्ही 'काय करूलालास' म्हणतो. तुम्ही 'दाखव' म्हणता तिथे अक्का 'दाखीव' म्हणतात. लिहायची वेळ आली की गल्लीतले बहुतेक सगळे तमिळमध्ये लिहितात. मला देवनागरी येते ती शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. अक्कांना ती वाचता येत नाही, म्हणून तर मी इतक्या धीटपणे हे लिहायला बसलोय. मी वीज खात्यात नोकरी करतो, त्यांच्या शेजारी राहतो, आणि माझ्या लहानपणापासून त्यांना घाबरतो.

अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. फळ्यावर प्रमेय लिहायच्या आणि वर्गाकडे वळून म्हणायच्या, "पुस्तक म्हणतंय हे खरं आहे. पुस्तकाला म्हणू दे. तुम्ही करून दाखवा." निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, वाक्य राहिलं. भाजीवाला म्हणाला, शेवगा कोवळा आहे, की अक्का म्हणणार, "दाखीव." मग त्याला शेंग मोडून दाखवावी लागते. गुडघ्याचे डॉक्टर एकदा म्हणाले, "ऑपरेशन केलंत की तुम्ही धावायला लागाल." अक्कांनी त्यांच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचे गुडघे बरे आहेत ना? तुम्ही आधी धावून दाखवा." ऑपरेशन अजून झालेलं नाही.

पण त्यांचं खरं वैर आहे ते 'गुमास्त्या'शी. हे नाव त्यांनीच ठेवलं आहे.

झालं असं, की त्यांच्या भाच्याने परदेशातून फोन पाठवला आणि त्यात बुद्धिबळ खेळणारं इंजिन घालून दिलं. अक्कांनी महिनाभर त्याचा अभ्यास केला आणि एका संध्याकाळी मला ओट्यावर बसवून घेतलं.

"माधवा, हे इंजिन विचार करतं, इथपर्यंत मला मान्य आहे. मी हे केलं तर तू ते करशील, तू ते केलंस तर मी हे करीन, असं ते पुढे पुढे बघत जातं. माणसापेक्षा फार लांबचं बघतं. ठीक आहे. पण पटावर सगळ्या मिळून सात सोंगट्या उरल्या, की ते काय करतं ठाऊक आहे?"

"काय करतं?"

"विचार करायचा सोडून देतं! त्याच्या मागे एक गुमास्ता बसलाय. त्याच्याकडे भलंमोठं दप्तर आहे. सात सोंगट्या पटावर जितक्या म्हणून तऱ्हांनी बसू शकतात, त्या सगळ्या त्यात उतरवून ठेवल्यात, आणि प्रत्येकीपुढे लिहिलंय: जिंकलं, हरलं, नाहीतर बरोबरी. तो नुसतं पान उघडतो आणि वाचतो."

या दप्तराला टेबलबेस म्हणतात. ते भरलं कसं, हे अक्कांनी मला समजावलं तेव्हा त्यांच्या आवाजात नाइलाजाचं कौतुक होतं. ते शेवटापासून उलटं भरलं आहे. आधी मात झालेल्या सगळ्या स्थिती गोळा करायच्या. मग एक चाल मागे यायचं: कुठून ही मात देता येते? मग आणखी एक चाल मागे. असं करत करत पार सुरुवातीच्या बाजूला.

"म्हणजे बघ, आधी सगळी मढी मांडून घेतली आणि मग प्रत्येकाचा आजार शोधत मागे आला," अक्का म्हणाल्या. "हुशार आहे. चूक काढता येत नाही. म्हणूनच मला त्याचा राग येतो."

राग यायचं दुसरंही कारण होतं. गुमास्ता जिंकत असला तर सगळ्यांत जवळची मात निवडतो, आणि हरत असला तर सगळ्यांत लांबची. त्या लांबणीसाठी तो काहीही करतो. एकदा हरता हरता त्याने वजीर अक्कांच्या हत्तीपुढे आणून ठेवला, का, तर त्यामुळे मात एक चाल पुढे जात होती. अक्का इतक्या खवळल्या की त्यांनी फोन उशीखाली कोंडला.

"अरे, वजीर धरून बसला असता तर मी चुकलेही असते! माझा डोळा लागला असता, हात थरथरला असता. पण त्याला ते ठाऊकच नाही. समोर बसलेलं माणूस चुकू शकतं, हे त्याच्या दप्तरात कुठेच लिहिलेलं नाही."

हे सगळं आमच्या ओट्यापुरतंच राहिलं असतं. पण समोरच्या कल्याणमंडपात, म्हणजे आमच्याकडच्या मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावर कार्तिकचा बुद्धिबळाचा क्लास सुरू झाला.

कार्तिक चांगला मुलगा. इंजिनिअर झालेला, स्पर्धा खेळलेला, नम्र. त्याच्या आईला अक्कांनी गणित शिकवलं होतं, त्यामुळे तोही त्यांना 'टीचर' म्हणायचा. पहिल्या आठवड्यात त्याने स्वतः येऊन त्यांना क्लास बघायला बोलावलं. ही त्याची एकच चूक.

अक्का गेल्या, कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या. मी सोबत होतो. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मुलांचे डाव दिसत होते, आणि प्रत्येक डावाच्या बाजूला काळीपांढरी पट्टी. जो जिंकतोय त्याचा रंग त्या पट्टीत चढत जातो. एका मुलीच्या डावात पट्टी पूर्ण काळी झाली. ती बिचारी कपाळाला हात लावून चाल शोधत होती.

"काव्या, पट्टी बघ," कार्तिक म्हणाला. "डाव गेलाय. सोडून दे, नवीन मांड. वेळ वाचव."

अक्का उठल्या. त्या उठतात तेव्हा गुडघा वाजतो, तो मला ऐकू आला.

"काय शिकवूलालास रे तू?" रागाच्या भरात त्या मराठीत बोलल्या. मग आपण कुठे आहोत हे ध्यानात येऊन तमिळमध्ये म्हणाल्या, "मुलांना काय शिकवतोस? हरायला?"

"टीचर, हरायला नाही. हरलोय हे ओळखायला." कार्तिक शांतपणे म्हणाला. "पाच सोंगट्या उरल्यात. टेबलबेस सांगतं, काळं जिंकलं. हे मत नाही टीचर, हे सिद्ध झालंय. तुम्ही गणिताच्या आहात."

"गणिताची आहे म्हणूनच विचारते. कोणी सिद्ध केलं? गुमास्त्याने. मग गुमास्त्याला बसव ना हिच्यासमोर. हिच्यासमोर तर हा बसलाय." अक्कांनी समोरच्या मुलाकडे बोट दाखवलं. तो केळ्याचे वेफर खात होता. "याला येतं का जिंकता? विचार त्याला."

वेफर खाणारा थांबला. त्याने खरंच सांगितलं, "नाही."

वर्ग हसला. कार्तिकचे कान लाल झाले. तो म्हणाला, "याला येत नसेल, मला येतं."

"करून दाखव," अक्का म्हणाल्या.

ठरलं ते असं: कार्तिककडे राजा आणि वजीर, अक्कांकडे राजा आणि हत्ती. बाकी पट रिकामा. वजीर हत्तीपेक्षा कितीतरी ताकदवान, आणि टेबलबेस सांगतं की हा डाव वजिराचाच. नियम असा आहे की कोणी सोंगटी मारली नाही आणि प्याद्याची चालही झाली नाही, अशा पन्नास पन्नास चाली दोघांच्याही झाल्या, तर बरोबरी मागता येते. इथे प्यादं नव्हतंच. म्हणजे कार्तिकला पन्नास चालींच्या आत मात द्यायची होती किंवा हत्ती मारायचा होता. तो जिंकला तर अक्का त्याच्या क्लासचा जिना पुन्हा चढणार नव्हत्या. त्या टिकल्या तर वर्गात कोणाला 'डाव सोड' म्हणायचं नाही.

बातमी गल्लीभर झाली. रविवारी सकाळी कल्याणमंडपात इतके आईबाप जमले की खालच्या वॉचमनला वाटलं साखरपुडा आहे; त्याने पंखे लावून दिले. चाली मोजायला माझी बायको पद्मा बसली. तिने घरून पन्नास चिंचोके आणले होते. दोघांची एकेक चाल झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत.

मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. अक्का हरल्या तर ओट्यावर बसून काय करतील, हे मला दिसत होतं. आदल्या संध्याकाळी मी म्हटलंही, "अक्का, नको. तो स्पर्धा खेळलेला मुलगा आहे."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातात वजीर आला की तो घाईत येईल. ज्याला जिंकल्याचं आधीच कळलंय, त्याला धीर नसतो."

डाव सुरू झाला. कार्तिकने झपाझप शह द्यायला सुरुवात केली. वजीर इकडून शह, तिकडून शह. अक्कांचा राजा शांतपणे एक घर इकडे, एक घर तिकडे. अशा वेळी घाबरलेला माणूस हत्तीला राजाच्या कुशीत घेऊन बसतो, आणि तिथेच मरतो. अक्कांनी हत्ती राजापासून लांब, तिसऱ्या आडव्या ओळीवर नेऊन ठेवला, रेल्वेच्या फाटकासारखा. कार्तिकच्या राजाला ती ओळ ओलांडता येईना. आणि राजा मदतीला आल्याशिवाय एकट्या वजिराला मात देता येत नाही.

कार्तिक थांबला. पहिल्यांदाच त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

माझ्या शेजारी एका मुलीचे वडील होते. त्यांच्या फोनवर टेबलबेस उघडलेलं. आता किती चालींत मात आहे, तो आकडा त्यात दिसत होता. प्रत्येक बरोबर चालीला तो आकडा उतरायला हवा. तो दोन पावलं उतरायचा आणि तीन चढायचा. "कांद्याच्या भावासारखा चाललाय," ते माझ्या कानात म्हणाले.

मी त्या फोनात डोकावलो तेव्हा एक गंमत कळली. गुमास्ता ज्या चाली सुचवत होता त्यांत शह जवळजवळ नव्हतेच. वजीर कुठेतरी कोपऱ्यात एक घर सरकवायचा, जणू माघारच घेतोय. त्या चालीत ना धमकी दिसायची ना रुबाब. जिंकण्याचा रस्ता तिथून जात होता. पण हजर असलेल्या कुठल्याही माणसाला ती चाल खेळावीशी वाटली नसती. कार्तिकला तर नाहीच. पन्नास डोळे पाठीवर असताना माघार कोण घेईल?

चिंचोके सरकत राहिले. एकदा कार्तिकने खरंच तसली मुकी चाल शोधली, आणि शेजारच्या फोनवरचा आकडा धाडकन खाली आला. अक्कांनी ओठ आत घेतले. मग त्यांनी हत्ती उचलून कार्तिकच्या राजाच्या अगदी शेजारी ठेवला. शह!

हॉलमध्ये कोणीतरी "ऐयो!" म्हणालं. हत्ती फुकट मिळत होता. कार्तिकचा हात पुढे गेला आणि सोंगटीवर टेकायच्या आधी हवेतच थांबला. हत्ती मारला असता तर अक्कांच्या राजाला शह नव्हता, पण हलायला एकही घर उरत नव्हतं. अशा वेळी नियमाने डाव तिथेच बरोबरीत संपतो. त्याने हात मागे घेतला. राजा बाजूला नेला. हत्ती पुन्हा त्याच्या शेजारी जाऊन उभा. पुन्हा शह. पुन्हा फुकट. पुन्हा मारता येत नाही.

त्या वेफरवाल्या मुलाला हसू आवरेना. मग कार्तिकलाही आवरेना. त्याने मान हलवत हात पुढे केला. "टीचर, बरोबरी देतो."

अक्कांनी हात मिळवला नाही.

"देतोस? ती तुझ्याकडे आहे कुठे द्यायला? माझी मी मिळवते. पद्मा, चिंचोके किती उरले?"

थोडेच उरले होते. ते संपेपर्यंत त्यांनी त्याला खेळायला लावलं. शेवटचा चिंचोका वाटीत पडला तेव्हा आईबापांनी टाळ्या वाजवल्या आणि काव्या नावाची ती मुलगी खुर्चीवर उभी राहिली.

"पण टीचर," कार्तिक खरोखर गोंधळून म्हणाला, "डाव माझा जिंकलेला होता. टेबलबेसमध्ये तसं आहे."

"आहे ना. दप्तरात तू जिंकलेला आहेस. पटावर नाहीस." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "तो बचाव मला कोणी शिकवला, सांगू? त्याच गुमास्त्याने. मी वजीर घेऊन त्याच्यामागे लागायचे आणि तो हत्ती घेऊन मला फिरवायचा. सगळं हरलंय हे ठाऊक असून लांबचा रस्ता धरतो, लाज म्हणून नाही मेल्याला. तेवढा एक गुण घेतला मी."

कार्तिकने दुसऱ्याच दिवशी भिंतीवरच्या पडद्यावरून ती पट्टी काढून टाकली आणि अक्कांना विचारलं, "तुम्ही मुलांना हा बचाव शिकवाल का? मंगळवारी?"

"मंगळवारी नाही," अक्का म्हणाल्या. "मंगळवार सोडून कधीही."

मंगळवारी दुपारी अक्का बसने तिरुवैयारुला जातात, हे मला माहीत होतं. देवळात जात असतील असं मी धरून चाललो होतो. पुढच्या मंगळवारी त्यांचा गुडघा सुजला, बसची पायरी चढवेना, तेव्हा मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. देऊळ आलं, मी वेग कमी केला. "पुढे चल," त्या मागून म्हणाल्या. कावेरीच्या काठच्या एका रस्त्यावर, एका साध्या घरापुढे त्यांनी मला थांबवलं.

सेतुरावांचं घर होतं ते. सेतुराव मूळचे आमच्याच गल्लीतले, अक्कांच्या बरोबरीचे, लहानपणी त्यांच्याच ओट्यावर बुद्धिबळ शिकलेले. पुढे तिरुवैयारुला व्हायोलिन शिकवायला गेले, तिथेच संसार झाला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सुनेने दार उघडलं आणि अक्का आत गेल्यावर मला हळूच म्हणाली, "मामंजींना आता कोणी ओळखू येत नाही. मुलगाही नाही. मी अक्कांना सांगितलं, इतक्या लांबून कशाला येता, उपयोग नाही. ऐकत नाहीत."

आत सेतुराव आरामखुर्चीत होते. अक्कांनी नमस्कार केला नाही, कसे आहात विचारलं नाही. समोर पट मांडला आणि पहिली चाल केली. म्हाताऱ्याचे डोळे जागे झाले. हात आपणहून घोड्याकडे गेला.

"तुळजे," ते म्हणाले, "तू अजून तीच सुरुवात करूलालीस?"

"तू हरव मला आधी, मग बदलते," अक्का म्हणाल्या.

ते खेळले, भांडले, एकमेकांना शाळेतल्या नावांनी हाका मारल्या. सून दाराशी उभी राहून बघत होती. शेवटी सेतुरावांचा नुसता राजा उरला आणि अक्कांकडे राजा आणि हत्ती. ही मात क्लासमधलं सगळ्यांत लहान मूलही देईल. मलाही दिसत होती, पुढच्याच चालीत. अक्कांनी हत्ती दुसरीकडेच नेला. पुढच्या खेपेलाही तेच. मी न राहवून तोंड उघडलं, तर त्यांनी पटावरची नजर न काढता हात वर करून मला गप्प केलं. ऊन अंगणातून उतरलं, कापी गार झाली, हत्ती या टोकाहून त्या टोकाला फिरत राहिला, आणि प्रत्येक चालीनंतर सेतुराव उत्साहाने म्हणत राहिले, "तुळजे, सांभाळ हं. मी आहे अजून."

परतताना पुलावर गर्दी होती, स्कूटर थांबली. मी म्हटलं, "अक्का, मात होती."

"दिसली मला."

"मग दिली का नाही?"



"डाव संपला की तो पट आवरतो आणि मला विचारतो, तुम्ही कोण, कोणाकडे आलात?" त्या म्हणाल्या. "मला तू म्हणणारा या जगात तेवढाच उरलाय, माधवा."

पुढची गाडी हलली. मीही स्कूटर चालू केली.